हृदयांतील कुजबूज

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पन्नाशीच्या सुमारास जिना चढत असतां घेरी येऊन पडले. तपासणीअंतीं असें निष्पन्न झालें कीं, त्यांच्या महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप जन्मापासूनच सदोष होती. निरोगी माणसाच्या या झडपेस तीन पाकळ्या असतात. यांच्या झडपेस दोनच होत्या, आणि त्याहि इतक्या वर्षांच्या झिजेनें व चुना सांचून ताठ झाल्या होत्या. ही वार्ता ऐकून त्यांच्या वृद्ध मातुःश्री म्हणाल्या, “हा सहा वर्षांचा होता तेव्हां डॉक्टरांनीं छातींत कसलासा आवाज येतो म्हणून सांगितलें होतें, पण काळजीचें कारण नाहीं, असेंहि तेच म्हणाले.” आम्हांस त्या डॉक्टरांस दोष द्यावयाचा नाहीं. आवाज ऐकून तो सोडून देण्यास त्यांच्यापाशीं पुष्कळ चांगला आधार होता. आणि तो आधार वैद्यकशास्त्रानें किती भ्रमांतून व किती कष्टानें मिळविला, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

त्याचा आरंभ एका संकोचांतून झाला. १८१६ सालीं पॅरिस येथील नेकर रुग्णालयांत रेने लेनेक या डॉक्टरापुढें हृदयविकाराचीं लक्षणें असलेली एक तरुण व स्थूल स्त्री आली. छातीस प्रत्यक्ष कान लावणें तिच्या वयामुळें व स्त्रीत्वामुळें प्रशस्त नव्हतें. तेव्हां, लांकडी तुळईच्या एका टोकास टांचणीनें ओरखडलें असतां दुसऱ्या टोकाशीं कान लावणाऱ्यास तें स्पष्ट ऐकूं येतें, ही गोष्ट त्यास आठवली. त्यानें कागदाची घट्ट सुरळी केली, तिचें एक टोंक त्या स्त्रीच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. आणि कानानें कधीं ऐकूं आले नव्हते इतके हृदयाचे ठोके त्यास स्पष्ट ऐकूं आले. पुढें त्यानें चरकावर लांकडाच्या नळ्या स्वतः कांतल्या, आणि १८१९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विनयाच्या पोटीं जन्मास आलेलीं यंत्रें जगांत फार नसतील!

ठोक्यांच्या मधल्या अवकाशांत कांहीं रोग्यांच्या छातींत भात्याच्या फुंकरीसारखा, तर कांहींच्या छातींत कानशीच्या घासण्यासारखा आवाज येतो, हेंहि लेनेकनें टिपून ठेविलें. पण आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्याचा अर्थ त्यास लागला नाहीं. हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या आकुंचनानें तो होत असावा, असा त्याचा समज अखेरपर्यंत होता. १८२६ सालीं तो क्षयानें वारला. हृदयाचे नेहमींचे दोन ठोके झडपा मिटण्यामुळें होतात, हें मत पॅरिसमध्यें रुआने यानें १८३२ सालीं मांडलें. आणि १८३९ सालीं व्हिएन्नाच्या श्कोडानें छातींतील आवाजांची मीमांसा पदार्थविज्ञानाच्या नियमांवर बसविली. रुंद पात्रांतून ओढा मुकाट्यानें वाहतो, पण दोन खडकांच्या फटींतून जातांना तोच खळाळतो. रक्ताचेंहि तसेंच आहे. झडप नीट उघडत नसेल, किंवा नीट मिटत नसल्यामुळें रक्त मागें फिरत असेल, तर त्या खळखळाटास आपण मर्मर म्हणतों.

एवढें कळल्यावर अनर्थ टळावयाचे, ते उलट वाढले. मर्मर म्हणजे झडपेचा रोग, आणि झडपेचा रोग म्हणजे आज ना उद्यां मृत्यु, असें समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालें. खेळतीं मुलें महिनोगणती अंथरुणांत डांबलीं गेलीं, धडधाकट तरुणांस नोकऱ्या नाकारल्या गेल्या. या समजुतीविरुद्ध उभा राहिला तो लंडनचा कोणी मोठा आचार्य नव्हे, तर बर्न्ली या गिरण्यांच्या गांवांत वैद्यकी करणारा जेम्स मॅकेंझी. तेथील त्याच्या प्रथमच्या वर्षांत हृदयविकार असलेली एक स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत बाळंतपणांत दगावली. हें आपणांस अगोदर कां ओळखतां आलें नाहीं, या प्रश्नानें त्यास ग्रासलें. कोणता आवाज घातक व कोणता निरुपद्रवी, हें ठरविण्याचा एकच मार्ग होता : रोगी मरेपर्यंत किंवा म्हातारा होईपर्यंत त्याची हकीकत लिहीत राहणें. एकाच गांवांत राहणाऱ्या कुटुंबवैद्यासच हें शक्य होतें, आणि मॅकेंझीनें तें कित्येक वर्षें केलें. मर्मर असलेले अनेक लोक गिरणींत राबतात आणि इतरांइतकेच जगतात, असें त्यास आढळलें. १९०९ सालीं बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यानेंहि निरोगी मुलांत आढळणाऱ्या, ताणलेली तार छेडावी तशा एका मर्मराचें वर्णन केलें. तो आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. किती मुलांची अंथरुणांतून सुटका झाली असेल, याची गणना कोणी केली नाहीं. आमच्या मतें मॅकेंझीचें खरें स्मारक तेंच होय.

परंतु सत्याचाहि अतिरेक होतो. झडपेपेक्षां हृदयाच्या स्नायूचें बळच खरें, या मॅकेंझीच्या शिकवणीचा त्याच्या अनुयायांनीं असा अर्थ केला कीं, झडपेकडे पाहण्याचें कारणच नाहीं. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सूटर या शस्त्रवैद्यानें एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील आंखडलेली झडप सैल केली. मुलगी बरी होऊन घरीं गेली. पण त्यानंतर एकाहि वैद्यानें त्याच्याकडे दुसरा रोगी पाठविला नाहीं. अशी शस्त्रक्रिया पुन्हा यशस्वी होण्यास १९४८ साल उजाडावें लागलें.

जन्मजात दोषांकडे तर त्याहूनहि कमी लक्ष गेलें. दोन पाकळ्यांची झडप पुढें जाड होऊन आंखडते, हें पीकॉकनें १८५८ सालींच लिहिलें होतें. अशा झडपेवर जंतूंचा दाह विशेषेंकरून होतो, हें ऑस्लरनें १८८६ च्या सुमारास दाखविलें. पण बहुतेकांच्या लेखीं हे दोष शवविच्छेदनाच्या मेजावरील कुतूहल एवढेच राहिले. मॉन्ट्रियल येथील मॉड ॲबट या बाईंस मॅक्‌गिल विद्यापीठानें स्त्री म्हणून वैद्यकशाळेंत प्रवेश नाकारला होता; पुढें त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि बरण्यांत ठेविलेल्या हृदयांपासून आरंभ करून त्यांनीं १९३६ सालीं एक हजार जन्मजात हृदयदोषांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मागून बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग आल्या. त्यांची श्रवणशक्ति तारुण्यांतच मंदावली होती. म्हणून मुलांच्या छातीवर बोटें ठेवून त्या मर्मराचें कंपन ओळखीत. फुप्फुसाकडील वाट अरुंद असल्यामुळें निळ्या पडणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं सुचविलेली शस्त्रक्रिया ब्लॅलॉक यांनीं, व्हिव्हियन थॉमस या कुशल सहायकाच्या तयारीच्या जोरावर, २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं केली.

निळें पडणारें मूल निदान कोणाच्याहि नजरेस तरी येतें. दोन पाकळ्यांची झडप शंभरांत सुमारें एका ते दोघांच्या वांट्यास येते, आणि ती बाळपणीं बहुधा कांहीं त्रास देत नाहीं. तिचा आवाज मृदु, मुलांतील निरुपद्रवी मर्मराशीं सहज गोंधळून जाणारा. तीसचाळीस वर्षें ती काम करते, आणि मग हळूहळू ताठरते. याहून फसवी गोष्ट पुढेंच आहे : हृदय थकूं लागलें म्हणजे रक्ताचा जोर ओसरतो, आणि जोर ओसरला म्हणजे आवाजहि मंदावतो. रोग वाढतो तसतसें लक्षण मावळतें! शिवाय आमच्या देशांत सांधेतापानें बिघडलेल्या झडपा इतक्या आढळतात कीं, मोठ्या माणसाच्या छातींतील मर्मर ऐकतांच संशय प्रथम त्याच दिशेस जातो.

या कोड्यांतून वाट निघाली ती दृष्टीच्या मार्गानें. स्वीडनमधील लुंड येथें एडलर हा हृदयवैद्य व हेर्ट्स हा पदार्थवैज्ञानिक यांनीं १९५३ सालीं कानास न ऐकूं येणाऱ्या ध्वनिलहरींचा प्रतिध्वनि घेऊन जिवंत हृदयाची हालचाल टिपली. त्यासाठीं वापरलेलें यंत्र लोखंडांतील भेगा शोधण्याचें होतें. पुढें सत्तरीच्या दशकांत त्या प्रतिध्वनींचें सलग चित्र दिसूं लागलें, आणि पाकळ्या दोन कीं तीन हें आतां अर्ध्या तासांत सांगतां येतें. मात्र त्या यंत्राकडे कोणास पाठवावें, हें अद्यापि बहुधा कानानेंच ठरतें.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांची झडप बदलण्यांत आली, आणि ते पुन्हा जिना चढूं लागले. हा दोष कित्येक घराण्यांत वंशपरंपरेनें उतरतो म्हणून डॉक्टरांनीं त्यांच्या भावास व दोन्ही मुलांस तपासावयास बोलाविलें. धाकट्या मुलीच्या छातींत आजवर कोणासहि कांहीं ऐकूं आलें नव्हतें, त्या दिवशींहि आलें नाहीं; चित्रांत मात्र दोनच पाकळ्या दिसल्या. तिला आतां ठराविक मुदतीनें जावें लागतें, आणि आजी प्रत्येक खेपेस तिच्याबरोबर जाते.