गिलगिटच्या वाटेवर दोन मोटारी

हिमालय, काराकोरम, हिंदुकुश आणि पामीर यांची जेथें गुंतवळ झाली आहे, त्या मुलखांतून मोटार नेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९३१ सालीं झाला. पॅरिसचा मोटार-कारखानदार आंद्रे सित्रोएं यानें ही मोहीम उभी केली. जॉर्ज-मारी हार्ट हा तिचा नायक. एक तुकडी ४ एप्रिल रोजीं बैरुतहून पूर्वेकडे निघाली. दुसरी त्याच सुमारास चीनमधील तिएनत्सिनहून पश्चिमेकडे. मूळ बेत रशियाच्या अंमलाखालील तुर्कस्तानांतून जाण्याचा होता. पण निघण्यापूर्वींच सोव्हिएत सरकारनें परवानगी नाकारली, आणि बैरुतच्या तुकडीस इराण, अफगाणिस्तान व हिंदुस्थान असा वळसा घेऊन काश्मिरांत यावें लागलें. श्रीनगराहून पुढें दोनच गाड्या न्याव्या असें ठरलें. एकीचें नांव 'सुवर्ण भुंगेरा', दुसरीचें 'रौप्य चंद्रकोर'.

या गाड्यांची रचना चमत्कारिक होती. पुढें साधीं चाकें, मागें मात्र चाकांऐवजीं कप्प्यांवर फिरणारे रबरी पट्टे. झारच्या मोटारखान्यावर असलेल्या आदोल्फ केग्रेस यानें बर्फावर चालण्यासाठीं ही युक्ति काढली होती. याच जातीच्या गाड्यांनीं सहारा ओलांडला होता, तेव्हां कारखान्याचा आत्मविश्वास निराधार नव्हता. पण वाळवंटांत वाट नसली तरी जागा असते. हिमालयांत वाट आहे तेथें जागा नाहीं!

ही वाट कोणती, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण आमच्या मतें सगळ्या गोष्टीचें मर्म तींत आहे. काश्मीर दरबाराची व इंग्रजांची फौज गिलगिट येथें असे, आणि त्या नापीक मुलखांत तिला लागणारें धान्य काश्मिरांतूनच न्यावें लागे. तें वाहण्यासाठीं खोऱ्यांतला शेतकरी ऐन हंगामांत गांवांतून धरून नेत. या पद्धतीस तेथें 'बेगार' म्हणत. आपल्या 'वेठबिगार' शब्दांतला 'बिगार' तो हाच, मूळ फारसी. काश्मीरचे जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनीं १८९५ च्या आपल्या ग्रंथांत या जुलमाचें वर्णन केलें आहे. रशियाच्या भीतीनें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथें बांधीव रस्ता झाला, पण तो खेंचरांसाठीं व तट्टांसाठीं. रुंदी सुमारें दहा फूट. बांदीपुरापासून गिलगिटपर्यंत सुमारें २०० मैलांची ही वाट.

जुलै महिन्यांत हीं मंडळी त्या वाटेला लागलीं. (याच महिन्याच्या १३ तारखेस श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर गोळीबार होऊन वीसांहून अधिक माणसें मेलीं, काश्मिरी प्रजेच्या असंतोषाचा तो स्फोट होता.) सर्वांनीं एकदम निघणें शक्यच नव्हतें. एकाच मुक्कामीं इतक्या तट्टांना वैरण कोठून मिळणार? म्हणून निरनिराळ्या गटांनीं, एकामागून एक कूच करावयाचें. तंबू, शिधा, पेट्रोल, सुटे भाग, सगळें तट्टांच्या व हमालांच्या पाठीवर. साडेतेरा हजार फुटांहून उंच असा बुर्झिल घाट गाड्यांनीं बर्फांतून ओलांडला, हें त्या यंत्राचें खरें यश; तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पुढें अस्तोरच्या बाजूस मात्र डोंगर ढांसळून वाट तुटलेली. एके ठिकाणीं कडेची दरड सुटून गाडी दरीवर अर्धवट लोंबकळत राहिली. ती मोठ्या कष्टानें वाटेवर ओढून घ्यावी लागली. जेथें वाटच उरली नव्हती तेथें यंत्रज्ञांनीं गाडी सुटी केली, भाग हमालांच्या पाठीवर दिले आणि पलीकडे पुन्हां जुळविले. माणसाचें ओझें यंत्रानें वाहावें म्हणून मोटार जन्मली; येथें यंत्राचें ओझें माणसें वाहत होतीं.

४ ऑगस्टला हार्ट गिलगिटला पोंचला. तेथून पुढें हुंझाच्या घळींत मोटारींना वाव नव्हता; त्या तेथेंच सोडून मंडळी घोड्यांवरून व याकांवरून चिनी तुर्कस्तानांत उतरलीं. ऑक्टोबरांत अक्सू येथें दोन्ही तुकड्या मिळाल्या, आणि चीनकडून आलेल्या गाड्यांतून हार्ट १९३२ च्या फेब्रुवारींत पेकिंगला गेला. पुढच्याच महिन्यांत हाँगकाँग येथें तो वारला. सित्रोएंचा कारखाना १९३४ सालीं दिवाळ्यांत गेला.

मोहिमेबरोबर आलेक्सांद्र याकोव्लेफ हा चित्रकार होता. त्यानें वाटेवरच्या पुष्कळ माणसांचे चेहरे रेखाटले, ही मोठी मोलाची गोष्ट. गाड्यांना नांवें होतीं, हें आम्ही वर सांगितलेंच. त्यांचे भाग वाहणाऱ्या हमालांचीं नांवें मात्र या कथेबरोबर कोणी सांगत नाहीं.

गिलगिट आज पाकिस्तानच्या ताब्यांत आहे. हार्टला ज्या हुंझाच्या घळींतून गाड्या नेतां आल्या नाहींत, तींतूनच पाकिस्तान व चीन यांनीं मिळून काराकोरमचा राजमार्ग खणला. तो १९७८ सालीं पुरा झाला. खुंजेराब घाटावर तो ४,६९३ मीटर उंचीवरून जातो. १९८६ पासून तो परदेशी प्रवाशांनाहि खुला झाला, आणि हौशी मोटारवाले त्याच्या कडेला तंबू ठोकून राहूं लागले. तो खणतांना पाकिस्तानचे आठशेंवर व चीनचे सुमारें दोनशें लोक मेले. त्या चिनी मजुरांपैकीं कित्येकांच्या कबरी गिलगिटजवळ दान्योर येथें आहेत.