एस्ट्रोव्हियाच्या राजाचं कूळ

फेब्रुवारी १९४४. लॉस एंजेलिसच्या एका सरकारी कचेरीत चार्ली चॅप्लिन उभा आहे. अंमलदार त्याचं एकेक बोट शाईला लावून कागदावर दाबतोय आणि समोर छायाचित्रकारांची झुंबड उडाली आहे. एका तरुणीला ‘अनैतिक हेतूने’ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलं, असा त्याच्यावर खटला होता. एप्रिलमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, पण ठसे देतानाचे त्याचे फोटो तोवर देशभर छापून झाले होते.

तेरा वर्षांनी तीच शाई पडद्यावर आली. ‘अ किंग इन न्यूयॉर्क’ (१९५७) या चित्रपटात क्रांतीतून जीव वाचवून पळालेला एस्ट्रोव्हियाचा राजा शाहदोव्ह न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरतो. पत्रकार गराडा घालतात. या मोकळ्या देशात पाऊल ठेवताना आपलं मन कसं भरून आलंय, हे राजेसाहेब सांगू लागतात, आणि नेमका तेव्हाच इमिग्रेशनचा माणूस त्यांची बोटं शाईत बुडवतो. भाषणात खंड नाही, ठशांतही नाही.

हा चित्रपट म्हणजे चॅप्लिनने अमेरिकेवर उगवलेला सूड, असं सरसकट म्हटलं जातं. सूड आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण या राजाचं कूळ शोधत गेलं की वाटेत भलतीच माणसं भेटतात, आणि खुद्द चॅप्लिन राजापेक्षा दुसऱ्याच एका पात्राच्या जवळ उभा दिसतो.

आधी घटना पाहू. चॅप्लिन जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकेत राहिला, पण नागरिक ब्रिटनचाच राहिला. १९४२ मध्ये रशियाच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या सभेत त्याने श्रोत्यांना ‘कॉम्रेड्स’ अशी हाक मारली, तेव्हा रशिया अमेरिकेचा दोस्त होता. दोस्ती संपली, हाक मात्र लक्षात ठेवली गेली. एफबीआयने त्याच्यावर जमवलेली फाइल सुमारे दोन हजार पानांची झाली. सप्टेंबर १९५२ मध्ये आपल्या ‘लाइमलाइट’ चित्रपटाच्या लंडनमधल्या पहिल्या खेळासाठी तो बायकोमुलांसह ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीवर चढला. बोट भर समुद्रात असताना अ‍ॅटर्नी जनरल जेम्स मॅक्ग्रॅनरी यांनी त्याचा परतीचा परवाना रद्द केला. बायको ऊना एकटी अमेरिकेला जाऊन पैशाअडक्याची निरवानिरव करून आली. १९५३ च्या जानेवारीत बिऱ्हाड स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाजवळ थाटलं गेलं, आणि एप्रिलमध्ये चॅप्लिनने तो परवाना आपणहून परत केला. याच काळात अमेरिकनांनी ब्रिटिश गुप्तचरांना विचारलं होतं की चॅप्लिनचं खरं नाव इस्रायल थॉर्नस्टाइन आहे का. ब्रिटिशांनी दप्तरं धुंडाळली, असा कुणी माणूस सापडला नाही. हे कागद २०१२ मध्ये खुले झाले. चॅप्लिनला ते वाचायला मिळाले असते तर चित्रपटात आणखी एक प्रसंग वाढला असता.

हद्दपार माणसाला हद्दपार राजा सुचावा, यात नवल नाही. शिवाय त्या वर्षांत युरोपच्या आसपास बिनराज्याचे राजे उदंड झाले होते. इटलीचा उंबेर्तो १९४६ मध्ये पोर्तुगालला गेला. रुमानियाच्या मिहाईकडून ३० डिसेंबर १९४७ रोजी राजीनाम्यावर सही घेतली गेली. इजिप्तचा फारूक जुलै १९५२ मध्ये शाही नौकेतून अलेक्झांड्रिया सोडून गेला, म्हणजे चॅप्लिनच्या दोनच महिने आधी. अल्बानियाच्या झोगने तर १९५१ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर चांगली इस्टेट विकत घेतली आणि तिथे राहायला काही तो गेला नाही. शाहदोव्हची गत यांच्याहून वाईट. त्याच्या खजिन्यावर पंतप्रधानाने डल्ला मारलेला असतो. उरतो तो एकनिष्ठ राजदूत जोम आणि हॉटेलचं वाढत चाललेलं बिल. राजाकडे अणुशक्तीच्या शांततामय वापराची योजना आहे, पण तिला गिऱ्हाईक नाही. त्याच्या चेहऱ्याला आहे.

इथे चित्रपट खरा रंगतो. एका मेजवानीत शेजारी बसलेली देखणी बाई (डॉन अ‍ॅडम्स) गप्पांच्या मध्येच भिंतीकडे वळून घामाच्या वासावरच्या औषधाची तारीफ करते आणि काहीच न घडल्यासारखी पुन्हा राजाकडे वळते. भिंतीआड टेलिव्हिजनचा कॅमेरा आहे, हे राजाला ठाऊक नसतं. आग्रहाखातर तो ‘हॅम्लेट’मधलं स्वगत म्हणून दाखवतो आणि एका रात्रीत जाहिरातदारांच्या रांगा लागतात. पुढे व्हिस्कीची जाहिरात करताना पहिल्याच घोटाला त्याला ठसका लागतो. बेसावध माणसांना कॅमेऱ्यात पकडणारा ‘कँडिड कॅमेरा’ अमेरिकन टेलिव्हिजनवर १९४८ पासून चालू होता, तेव्हा ही कल्पना हवेतून आलेली नव्हती.

एक गंमत मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चित्रपटातला राजा थिएटरात पुढच्या रांगेत बसून रुंद पडद्याचा सिनेमास्कोप पाहतो. पडद्याच्या दोन टोकांना उभी असलेली पात्रं बोलू लागली की त्याची मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी इकडून तिकडे फिरते. सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट सप्टेंबर १९५३ मध्ये लागला. चित्रपटात दिसणारी रॉक अँड रोलची लाट त्याच्याही नंतरची. म्हणजे चॅप्लिन ज्या अमेरिकेला हसतोय, तिचा मोठा भाग त्याने तिथे राहून पाहिलेलाच नाही.

न्यूयॉर्कही खरं नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत सुमारे बारा आठवड्यांत चित्रीकरण उरकलं गेलं. ‘सिटी लाइट्स’ला जवळजवळ दोन वर्षं घेणाऱ्या माणसाचा स्वतःचा स्टुडिओ आता विकला गेला होता, इथे भाड्याचं मीटर चालू होतं. ते पडद्यावर कळतं. रस्ते, गर्दी, हॉटेलं, सगळ्यांवर लंडनची छाप आहे.

मात्र बोलपट विसरून चॅप्लिन हातांनी बोलू लागला की घाई जाणवत नाही. हॉटेलात बँडचा गोंगाट इतका की वेटरला ऑर्डर ऐकू जात नाही. राजा मूकपणे मासा चिरतो, अंडी काढून टोस्टवर पसरतो, मग कासवाचं सूप हवं म्हणून हातांचंच कासव करतो. चेहऱ्याची कातडी ताणून घेतल्यावर हसायची बंदी असताना तो नेमका दोन विदूषकांचा भिंतीला कागद चिकटवायचा खेळ पाहायला बसतो. हसू फुटतं, आणि टाकेही. या खेळाचं मूळ चित्रपटाहून पन्नास वर्षं जुनं. १९०६ मध्ये सतरा वर्षांचा चॅप्लिन ‘रिपेअर्स’ नावाच्या नाटुकल्यातून इंग्लंडभर फिरला होता, त्यात घर दुरुस्त करायला आलेले कारागीर घराचा सत्यानाश करतात. १९१५ च्या ‘वर्क’ या लघुपटात त्याने हाच चिकटा स्वतः फासला.

आणि तो मुलगा. एका प्रगतिशील शाळेत राजाला दहा वर्षांचा रुपर्ट भेटतो. कार्ल मार्क्स वाचणारा, राजाला एक शब्द बोलू न देता पासपोर्टपासून मक्तेदारीपर्यंत सगळ्यावर तोफ डागणारा. ही भूमिका केली चॅप्लिनच्याच मुलाने, मायकेलने. आईबाप कम्युनिस्ट ठरतात, साथीदारांची नावं सांगायला नकार देतात, आणि मुलगा बर्फातून कुडकुडत राजाच्या दारी येतो. चित्रपटातल्या सगळ्या मतांची बोलती बाजू या पोराकडे आहे. राजा बिचारा सभ्य, गोंधळलेला. शिवाय आईबापांपासून तुटलेलं संस्थेतलं मूल चॅप्लिनला कल्पनेतून काढावं लागलं नाही. लॅम्बेथचं गरीबगृह (वर्कहाऊस) आणि हॅनवेलची गरिबांच्या मुलांची शाळा त्याने सातव्या वर्षी अनुभवली होती.

काल्पनिक वाटणारा छळ बाहेर तेव्हा चालूच होता. कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेचा म्होरक्या सिनेटर मॅकार्थी याचं वजन १९५४ अखेर सिनेटच्या निषेधाने संपलं आणि चित्रपट लागण्याआधी चार महिने तो वारलाही. पण प्रतिनिधीगृहाची अमेरिकाविरोधी कारवायांची समिती वेगळी, ती ठणठणीत होती. जून १९५६ मध्ये, चॅप्लिन शेपर्टनमध्ये असताना, तिच्यापुढे गायक पॉल रॉब्सन उभा राहिला. त्याचा पासपोर्ट सहा वर्षं अडवून ठेवलेला होता. त्याच महिन्यात नाटककार आर्थर मिलरने दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला. चॅप्लिनला स्वतःला १९४७ मध्ये समन्स आलं होतं, प्रत्यक्ष साक्षीला बोलावणं मात्र झालं नाही. बोलावलं असतं तर ढगळ विजार, टोपी, काठी अशा वेशातच गेलो असतो, असं तो पुढे सांगत असे. शाहदोव्ह तेच वेगळ्या रीतीने करतो: लिफ्टमधल्या आगीच्या बंबाच्या नळीत बोट अडकतं, नळी सोबत घेऊन तो चौकशीला पोचतो आणि समितीला न्हाऊ घालतो. प्रसंग पोरकट आहे, खरं सांगायचं तर चित्रपटातला सगळ्यात सैल.

त्यानंतरचा प्रसंग मात्र सैल नाही. राजा निरोप घ्यायला शाळेत जातो. आईबापांना सोडवण्यासाठी रुपर्टने नावं सांगून टाकली आहेत. मुख्याध्यापक त्याला खरा देशभक्त म्हणून पुढे करतात आणि इतका वेळ न थांबणाऱ्या त्या पोराच्या तोंडून शब्द निघत नाही. राजा त्याला जवळ घेतो, आईबापांसह युरोपला बोलावीन म्हणतो.

१२ सप्टेंबर १९५७ ला लंडनमध्ये पहिला खेळ झाला. समीक्षकांचे दोन तट पडले. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीने हा एका स्वतंत्र माणसाचा चित्रपट असल्याचं म्हटलं. १९६४ मध्ये चॅप्लिनचं जाडजूड आत्मचरित्र आलं, त्यात या चित्रपटाचा उल्लेखही नाही. एप्रिल १९७२ मध्ये तो मानद ऑस्कर घ्यायला लॉस एंजेलिसला गेला आणि सभागृह कितीतरी मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. अमेरिकन थिएटरांत शाहदोव्ह पोचला तोही त्याच सुमारास, चॅप्लिनने पुन्हा कात्री चालवून काही मिनिटांनी आखूड केलेला.