थांबायची सोय : घाटवाटा आणि अपघातांचा एक इतिहास



मानवतसारख्या सपाट, काळ्या मातीच्या गावात बसून डोंगरातल्या अपघातांवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्याकडे डोंगर म्हणजे जिंतूरकडची नेमगिरी, नाहीतर गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्या. पण या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन आयांनी आम्हाला रस्त्यात थांबवून जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, पावसाळ्यात शनिवारी रात्री ट्रेकला जातो, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याचा फोन लागत नाही. तेव्हा विषय आपल्या गावाचाही आहे.

आम्ही गिर्यारोहक नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. दोर कसा बांधायचा हे आमच्याकडून शिकू नका. डोंगरातून जाणारी माणसं पूर्वी कशी वाचत आणि कशी मरत, याचं जे थोडं वाचन झालं, आणि एकदा जे आमच्या हातून झालं, तेवढंच सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या कापडापासून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याचं समुद्रप्रवासाचं वर्णन आहे, ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन्ही गावं येतात. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर, आणि तगर तिथून पूर्वेला १० दिवसांवर, असा हिशेब त्याने दिलाय. तगरहून साधं कापड आणि मलमल जायची, पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापर्यंत पोचत होता. आणि कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याला जायचं तर सह्याद्री उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्या उतारांपैकी सगळ्यांत नावाजलेला म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशीच कातळात कोरलेलं लेणं आहे. भिंतीवर नागनिका राणीचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, आज त्यांचे पाय आणि नावं तेवढी उरलीत. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा होता असं सांगतात. इतिहासकार साहजिकच लेखाकडे बघतात. आमचं लक्ष मात्र तिथल्या ओट्याकडे आणि पाण्याच्या टाक्यांकडे गेलं. हे लेणं काही देवपूजेचं नाही. वाटसरूंनी टेकावं आणि जकात द्यावी यासाठी ते होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वाटेवर ठिकठिकाणी टाकी खोदलेली आहेत. त्या काळच्या लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. तिथल्या एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाकं दान दिल्याचं वाचलं गेलं आहे.

आता विचार करा. सोपाऱ्याच्या माणसाने पैसे खर्चून घाटात टाकं का खोदावं? पुण्य मिळत असेल, नाही म्हणत नाही. पण ज्याला घाट माहीत आहे त्याला हेही माहीत असतं की ओझ्याचा बैल आणि उन्हाने भंडावलेला माणूस एका दमात घाट चढत नाही. त्याला मध्येच थांबावं लागतं, आणि थांबायला पाणी लागतं, सावली लागते, पावसात छप्पर लागतं. हे नसेल तर तो थांबत नाही, रेटत राहतो. आणि रेटत राहिलेला माणूस घसरतो. नाणेघाटात राज्यसत्तेने आणि दात्यांनी मिळून थांबायची सोय करून ठेवली होती. आमच्या मते डोंगरातल्या सुरक्षिततेबद्दल यापेक्षा मोलाचा पुरावा आपल्याकडे दुसरा नाही.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १६६१ चा. शाळेत तो शिवाजी महाराजांच्या पराक्रमाचा धडा म्हणून शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात पाठवलं. तो लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यावरून, आज ज्या नागफणीच्या सुळक्यावर पोरं फोटो काढतात त्याच्या अंगाने, खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या दाट रानात शिरला. वाट इतकी अरुंद की मोठ्या फौजेला धड पुढे सरकता येईना की मागे वळता येईना. वर महाराजांची माणसं दबा धरून बसलेली. पाणी नाही, वारा नाही. परमानंदाच्या ‘शिवभारता’त त्या कोंडलेल्या फौजेची तहान वाचताना आपलाच घसा कोरडा पडतो.

त्या फौजेत एक बाई होती, रायबागन. माहूरची देशमुखीण. आपल्या मराठवाड्याच्या कडेची, बरं का. परमानंद सांगतो की तिने खानाला सुनावलं : या रानात शिरलास हीच चूक झाली, आता अट्टहास नको, शरण जा. खानाने ऐकलं, खंडणी दिली, आणि उरलेली माणसं जिवंत परत गेली. मोगलांच्या बाजूची म्हणून आपण तिच्याकडे फारसं बघत नाही. पण त्या दिवशी शेकडो आयांची पोरं तिच्या एका सल्ल्यामुळे घरी गेली. आणि तो सल्ला ऐकायला खानालाही काहीएक धैर्य लागलं असणार. ॲरिस्टॉटलने भेकडपणा एका टोकाला, आततायीपणा दुसऱ्या टोकाला आणि शौर्य त्यांच्या मध्ये ठेवलं होतं. वर्गात हे आम्ही तीस वर्षं शिकवलं आणि पोरं परीक्षेत व्यवस्थित लिहीत. आम्हाला स्वतःला ते कळलं होतं का, हा प्रश्न वेगळा. त्याकडे येतोच.

इंग्रजांच्या काळात एक मोठा बदल झाला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. माल गाड्यांनी जाऊ लागला आणि शेकडो पायवाटा ओस पडल्या. लेण्यांत गुरं बसू लागली, टाकी गाळाने भरली. वाटांचं ज्ञान तेवढं महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्यांमध्ये उरलं, कारण त्यांचं रोजचं जाणं-येणं तिथूनच होतं.

मग हौसेने डोंगरात जाणारे आले. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली, पुढे गावोगावी अशा संस्था झाल्या. गो. नी. दांडेकरांनी दोन पिढ्यांना किल्ल्यांचं वेड लावलं. या मंडळींच्या फिरण्यात मुक्काम असायचा. पायथ्याच्या घरी भाकरी, गडावरच्या गुहेत रात्र. पाऊस लागला तर एक दिवस जास्त. घरी तार करायचीही सोय नसायची, पण घरचेही ‘दोन दिवस इकडे-तिकडे’ धरूनच असत.

आता आमची गोष्ट. १९८७ चा ऑगस्ट. आम्ही तेव्हा एका महाविद्यालयात होतो. २२ मुलं घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो. चांगदेवांनी तिथे तप केलं असं सांगतात, तेव्हा तत्त्वज्ञानाच्या सहलीला याहून योग्य जागा कोणती, असा आमचा युक्तिवाद होता. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून चढलो. वाट तशी सोपी. सोबत गावातले एक वयस्क बाबा वाटाड्या म्हणून घेतले होते, एवढं शहाणपण दाखवलं होतं.

दुपारी गडावर पाऊस वाढला. मंदिराजवळच्या गुहेत सगळे बसलो. चार वाजता आम्ही म्हणालो, निघू या. बाबा म्हणाले, “मास्तर, पाणी उतरू द्या. ओढा आता अडवील.” आम्ही म्हणालो, पाऊस तर कमी झालाय. त्यांनी वर बोट दाखवलं, “हितं कमी झालाय. वरच्या अंगाला बघा.” आमच्या खिशात बसच्या भाड्याची पावती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बस दुसऱ्या कामाला जाणार होती. प्राचार्यांना दिलेल्या अर्जात परतीची वेळ लिहिलेली होती. आम्ही निघालो. बाबा काही न बोलता पुढे चालू लागले. ते का नाही अडून बसले, असं नंतर आम्हाला कुणीतरी विचारलं. दिवसाची मजुरी ठरवून आणलेला माणूस शिकलेल्या मास्तरला किती अडवणार?

सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा मांडीच्या वर आला होता. हात धरून साखळी केली. नववा की दहावा मुलगा असेल, त्याचा पाय दोन दगडांत गेला आणि वरून पाण्याचा लोंढा. बाबांनी उडी टाकून त्याला धरलं म्हणून तो पुढच्या कड्यावरून गेला नाही. नडगी मोडली होती. गावातली चार माणसं आली, दोन बांबूंना घोंगडं बांधून डोली केली आणि रात्री अकराला त्याला खाली आणलं. पुढे राजूरला नेलं. मुलगा वाचला, पण पाय थोडा आखूड राहिला. पुढे तो शिक्षक झाला. कधी भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि त्या वेळी त्याचा तो पाय किंचित बाहेर पडतो. आम्ही दरवेळी दुसरीकडे बघतो.

खरा धक्का सकाळी बसला. सात वाजता त्याच जागी गेलो, तर ओढ्यात घोट्याएवढं पाणी. बाबा म्हणाले, रात्रीच उतरलं असेल. आपल्या दुधनेला पूर आला तर तो सावकाश चढतो आणि दिवस-दिवस राहतो. पुलावर पाणी असलं की आपण दोन्ही काठांना तंबाखू मळत बसतो, सवयच असते. सह्याद्रीतला ओढा निराळा. वरचं पाणलोट लहान, उतार उभा, खाली काळा कातळ, पाणी मुरायला जागा नाही. आपण उभे आहोत तिथे ऊन असतं, माथ्यावर सर पडते आणि पाव तासात लोंढा येतो. पण तो जसा चढतो तसा उतरतोही. वरचा पाऊस थांबला की बहुतेक वेळा दोन-तीन तासांत वाट मिळते. आम्हाला एवढंच करायचं होतं, गुहेत बसून राहायचं. एक रात्र जास्त. पावतीवरची बस गेली असती तर गेली असती.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आम्हाला तो पुरता बघवला नाही. अशा वेळी “अतिउत्साही पर्यटक” म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ते पाणी चढायला किती वेळ लागला असेल, हे आम्ही एकदा आमच्या पायांनी मोजलंय.

सगळे अपघात या एकाच कारणाने होतात असं आम्ही म्हणत नाही. जानेवारी २०२० मध्ये त्याच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांसारखा जाणता गिर्यारोहक पडून गेला. त्यांच्याइतका अनुभव महाराष्ट्रात फार थोड्यांकडे होता. तिथे आम्ही गप्प बसतो.

पण आजच्या गर्दीकडे बघा. शनिवारी रात्री अकराला बस, पहाटे चढाई, दुपारी उतरणं, रविवारी रात्री परत. पैसे आधी भरलेले. पन्नास-पन्नास पोरं, पुढारी म्हणून पंचविशीतला एखादा. जोरात पाऊस लागला तर त्याने काय करायचं? ‘आज गड नाही’ म्हणाला तर पन्नास जण पैसे मागणार. आमच्या खिशात एक पावती होती, त्याच्या खिशात पन्नास आहेत. हिमालयात मुलगा गमावलेल्या आई-वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे शासनाला साहसी उपक्रमांसाठी नियम करावे लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही आलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनं, हे सगळं हवंच. पण माघार घेणाऱ्या पुढाऱ्याचं नुकसान कोणी सोसायचं, हा प्रश्न नियमाच्या कागदाने सुटत नाही. तो पैसे भरणाऱ्यांनी सोडवायचा आहे, म्हणजे आपल्याच मुलांनी.

आणि अडकलेल्यांना आणायला कोण जातं? खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’, लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, अशा संस्थांची माणसं. आपापली नोकरी-दुकान सांभाळून, रात्री-अपरात्री. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. त्या चिखलातून चढून जाणाऱ्यांत हे ट्रेकर होते. ज्या वाड्यांनी वर्षानुवर्षं शहरातल्या पोरांना वाटा दाखवल्या, भाकऱ्या घातल्या, त्यांपैकी एका वाडीवर ही पोरं त्या रात्री फावडी घेऊन गेली.

आता वेळ होत आलाय. मघाशी चिठ्ठी आलीय, “सर, मग मुलांना पाठवायचं की नाही?” आमची नात पुण्यात शिकते आणि जाते. आम्ही अडवत नाही, हेल्मेट-दोर यांतलं काही विचारतही नाही, ते तिला जास्त कळतं. निघायच्या आधी फोनवर एवढंच विचारतो, की अडकलीस तर रात्री कुठे राहशील, आणि तिथल्या कुणाला तुम्ही येणार हे माहीत आहे का. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. मागच्या महिन्यात तिने आपणहून सांगितलं, “आजोबा, पायथ्याच्या मावशींशी बोललेय. ओसरीवर जागा आहे म्हणाल्या. आणि सोमवारची सुट्टी टाकलीय.”