डीबी-१ आणि डीबी-२ : एका चुकलेल्या कमांडचा घटनाक्रम

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. जगभरचे प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात आणि एकत्र बसल्यासारखे लिहितात, त्या गिटलॅब डॉट कॉम या सेवेचा मुख्य डेटाबेस त्या रात्री पुसला गेला. कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असतानाच तिने कामाच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळेच त्या रात्रीचे तास असे ओळीने मांडता येतात. खालच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या आहेत. भारतीय वेळ हवी असेल तर त्यात साडेपाच तास मिळवावेत. काही नोंदी मिनिटाबरहुकूम आहेत, काही अंदाजे.

आधी रचना समजून घेऊ. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर चालत होता आणि त्याचे दोन सर्व्हर होते. डीबी-१ हा मुख्य. वापरकर्त्यांचं प्रत्येक लेखन तिथे उमटायचं. डीबी-२ हा दुय्यम. तो जाळ्यावरून डीबी-१ चे बदल सतत उतरवून घ्यायचा आणि मुख्य सर्व्हर कोसळलाच तर त्याची जागा घेण्यासाठी तयार असायचा.

१७:२० — उरले ६ तास ७ मिनिटं

एका अभियंत्याला डेटाबेसवरचा भार वाटून देण्याच्या एका उपायाची चाचणी घ्यायची असते. चाचणीसाठी कंपनीचा वेगळा सर्व्हर आहे, त्याला स्टेजिंग म्हणतात. खऱ्या डेटाबेसची प्रत दर चोवीस तासांनी आपोआप तिथे जाते. पण ताजी माहिती हवी म्हणून तो हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतो आणि स्टेजिंगवर चढवतो. बॅकअप म्हणून नव्हे, निव्वळ आपल्या कामासाठी.

१९:०० — उरले ४ तास २७ मिनिटं

डेटाबेसवरचा भार अचानक वाढतो. अनेकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात. संशय स्पॅम करणाऱ्यांवर जातो आणि तो बऱ्याच अंशी खराही असतो. भाराचं आणखी एक कारण मागाहून सापडलं. कोणीतरी खोडसाळपणे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती. ते खातं चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेलं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम पडद्यामागे सुरू होतं.

२१:०० — उरले २ तास २७ मिनिटं

लेखनाची कामं अडकू लागतात. आयपी पत्ते रोखले जातात, स्पॅमची खाती काढली जातात. एका वापरकर्त्याची फाइल-साठवण तर बाहेरचे लोक सर्रास वापरत होते. त्या एकाच खात्यात ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉग-इन होत होतं. तेही बंद केलं जातं.

२२:०० — उरला १ तास २७ मिनिटं

इशारा वाजतो : डीबी-२ मागे पडला आहे, सुमारे ४ गिगाबाइटने.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो, दुकानातल्या रोजकीर्दीसारखा. दुय्यम सर्व्हर ही पानं वाचत पुढे सरकतो. पण मुख्य सर्व्हर जुनी पानं ठरावीक मर्यादेनंतर काढून टाकतो. भार इतका वाढला होता की डीबी-२ ने वाचण्याआधीच पानं गेली. ती दुसरीकडे साठवून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण ती इथे वापरात नव्हती. आता डीबी-२ ला थांबलेल्या जागेवरून पुढे जाता येणार नव्हतं. त्याचं डेटा फोल्डर रिकामं करून संपूर्ण डेटाबेस डीबी-१ वरून नव्याने उतरवून घेणं एवढाच मार्ग उरला.

२३:०० — उरली २७ मिनिटं

अभियंता काम आवरून उठण्याच्या बेतात होता. त्याच्या घड्याळात रात्र बरीच झाली होती. या बिघाडामुळे तो थांबला. डीबी-२ चं फोल्डर पुसून त्याने पीजी-बेसबॅकअप ही कमांड चालवली होती. एका पोस्टग्रेस सर्व्हरवरून दुसऱ्यावर संपूर्ण प्रत नेणारं हे साधन.

कमांड काही बोलेना. काही प्रयत्नांनंतर तक्रार आली, की मुख्य सर्व्हरवर प्रत पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा कमी आहे. मर्यादा ३२ केली, तर पोस्टग्रेस पुन्हा सुरू होईना. एकूण जोडण्यांची कमाल संख्या ८,००० ठेवलेली होती. जवळपास वर्षभर ती खपून गेली होती, आज आडवी आली. ती २,००० वर आणली. पोस्टग्रेस उठला. पीजी-बेसबॅकअप पुन्हा चालवलं. पुन्हा शांतता. सविस्तर बोलण्याचा पर्याय चालू होता, तरी पडद्यावर एक ओळ नाही.

या शांततेपाशी थांबायला हवं. ती बिघाडाची नव्हतीच. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत हे साधन गप्प बसून राहतं, हे तिथल्याच दुसऱ्या एका अभियंत्याला ठाऊक होतं. तो त्या वेळी कामावर नव्हता, आणि ही गोष्ट कंपनीच्या कार्यपुस्तिकेत कुठेही लिहिलेली नव्हती. काम नीट चाललं असताना आणि अडकलं असताना पडदा एकसारखाच दिसत असेल, तर माणूस अंदाज बांधतो.

२३:२७ — शून्य

त्याने अंदाज बांधला : आधीच्या प्रयत्नांत डीबी-२ च्या फोल्डरमध्ये काही फाइली पडल्या असतील, त्या काढल्या की प्रत सुरू होईल. फोल्डर मुळासकट पुसणारी आरएम कमांड त्याने दिली. पण ज्या टर्मिनलमध्ये दिली ते डीबी-१ चं होतं. दोन्ही यंत्रांवर फोल्डरचा मार्ग तोच. फरक होता तो यंत्राच्या नावातल्या एका आकड्याचा.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. त्याने कमांड थांबवली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरलं होतं.

इतक्या वेगाने कसं गेलं? पुसताना यंत्राला फाइलीतला मजकूर वाचावा लागत नाही. ती कुठे आहे याची नोंद काढली की झालं. प्रत करताना मात्र एकेक बाइट वाचून, जाळ्यावरून पाठवून, पलीकडे लिहावा लागतो. हा फरक किती मोठा असतो ते पुढच्या अठरा तासांत कळलं.

मध्यरात्र — बॅकअपचा शोध

डीबी-२ हेतुपूर्वक रिकामा केलेला. डीबी-१ चुकून रिकामा झालेला. आता बॅकअप.

दररोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या साठवणुकीत जात असे. तिथे पाहिलं, तर काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं. ते दररोज अपयशी होऊन थांबत होतं. अपयश कळवणारे ईमेलही निघत होते. पण त्यांवर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. अझूर या क्लाउड सेवेच्या डिस्क-स्नॅपशॉटची सोय फाइल सर्व्हरना लावलेली होती, डेटाबेसच्या सर्व्हरना नाही. त्या रात्रीच्या खुल्या नोंदींत कंपनीने स्वतःच लिहिलं, की बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती, किंवा मुळात उभीच केलेली नव्हती.

उरला १७:२० चा तो स्टेजिंगवरचा स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी — उलटा प्रवास

मध्यरात्रीनंतर प्रत उलट दिशेने निघाली, स्टेजिंगवरून डीबी-१ कडे. स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या होत्या आणि त्यांचा वेग ६० एमबीपीएसच्या आसपास बांधलेला. या वेगाने ३०० गिगाबाइट वाहून न्यायलाच अकरा तास लागतात. प्रत्यक्षात सगळं काम अठरा तासांवर गेलं. जाळं मोकळं होतं, प्रोसेसर मोकळे होते, अडत होतं ते डिस्कवर. कंपनीने हे काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि एका वेळी सुमारे ५,००० लोक ते पाहत होते.

संध्याकाळी १८:०० च्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. कोड आणि विकी वेगळ्या सर्व्हरवर असल्याने सुरक्षित राहिले. पण १७:२० नंतर डेटाबेसमध्ये जे जे उमटलं ते कायमचं गेलं : अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती.

त्यानंतर

अहवालाने त्या अभियंत्याचं नाव घेतलं नाही आणि दोषही त्याच्या माथी मारला नाही. हे योग्यच होतं. त्याची चूक एक-दोन सेकंदांची होती. बॅकअप बंद पडलेले मात्र त्याच्या आधीपासून होते आणि ते तपासण्याची जबाबदारी कोणा एकाकडे दिलेली नव्हती. कंपनीने प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टवर यंत्राची ओळख ठळक केली, स्नॅपशॉट दर तासाला घ्यायला सुरुवात केली, नोंदवहीची पानं वेगळीकडे साठवण्याचं काम हाती घेतलं आणि बॅकअप परत चढवून पाहण्याची स्वयंचलित चाचणी आखली.

यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या प्रती फक्त संकटासाठी राखून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही वेळेला उपयोगी पडली नाही, कारण त्या कोणी उघडतच नव्हतं. वाचवलं त्या प्रतीने, जी कोणाला तरी त्याच दिवशी वापरायची होती. वापरात असलेली प्रत बिघडली तर लगेच कळतं. कपाटात ठेवलेली बिघडली तर नेमकं गरजेच्या रात्री. म्हणून सहकारी बँक असो, रुग्णालय असो की महाविद्यालयाचा परीक्षा विभाग, दर महिन्याला बॅकअप एका वेगळ्या यंत्रावर चढवावा, नोंदी मोजून मूळ डेटाबेसशी ताडून पाहाव्यात, आणि हे काम एका माणसाच्या नावावर असावं. बॅकअप घेतला का, हा प्रश्न अपुरा आहे. तो शेवटचा कोणी, कधी आणि कोणत्या यंत्रावर उघडून पाहिला, याचं उत्तर नाव-तारखेसह देता आलं पाहिजे.