घरगुती संगणकांची स्पर्धा आणि स्मरणरंजन : रहिमतपूर परिसराच्या संदर्भात एक विचार

1980 च्या दशकातील घरगुती संगणकांविषयी गेल्या काही वर्षांत विपुल स्मरणरंजन प्रकट होत आहे. त्याचे मूळ बव्हंशी ब्रिटनमध्ये आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो डिसेंबर 1981 मध्ये, तर सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल 1982 मध्ये बाजारात आला. एकॉर्नचे एक संस्थापक ख्रिस करी हे पूर्वी क्लाइव्ह सिंक्लेअर यांचेच सहकारी होते. साहजिकच या स्पर्धेस भाऊबंदकीची धार होती, जी मराठी वाचकास निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ही दोन्ही यंत्रे भारतात आली, परंतु त्यांच्या वाटा भिन्न होत्या. बीबीसी मायक्रो शासनाच्या हाताने आला. 1984-85 मध्ये केंद्र शासनाने शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुमारे 250 शाळांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला व त्यासाठी हे यंत्र निवडले. स्पेक्ट्रम मात्र खाजगी उद्योगाने आणला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने त्याची परवानाप्राप्त आवृत्ती विक्रीस काढली. ब्रिटनमध्ये जी चुरस दोन शेजारघरांत होती, ती येथे शाळा आणि घर यांत विभागली गेली. शाळेत यंत्र सामायिक, तास ठरलेला. घरी ते दूरचित्रवाणी संचास जोडलेले, म्हणजे कुटुंबातील अन्य मंडळींच्या सोयीने चालणारे.

आठवणींत रमणारे आज ज्या गोष्टींना गोड मानतात, त्या तेव्हा जाचकच होत्या. आज्ञावली ध्वनिफितीवरून कर्कश आवाजात उतरवून घ्यावी लागे. त्यास कित्येक मिनिटे लागत. बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ प्रतिकृतीची स्मृती 32 किलोबाइट, स्पेक्ट्रम प्लसची 48. वीज गेली की फितीवर न साठवलेले सारे श्रम नाहीसे होत.

याहून महत्त्वाचा प्रश्न लिपीचा होता. दोन्ही यंत्रांच्या बेसिक भाषेतील आज्ञा इंग्रजी होत्या. वापरकर्त्यास स्वतःची चिन्हे रेखाटता येत, परंतु प्रत्येक चिन्हास 8 गुणिले 8 ठिपक्यांचीच चौकट मिळे आणि स्पेक्ट्रमवर अशी सहज उपलब्ध चिन्हे 21 होती. मराठीची व्यंजनेच त्याहून अधिक. मात्रा व जोडाक्षरे यांची गोष्टच नको. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅकची स्थापना झाल्यावर ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिपींचे कार्य पुढे गेले. पण ते वैयक्तिक संगणकासाठी, या छोट्या यंत्रांसाठी नव्हे.

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील गाव. पुण्यात मिळणारे यंत्र येथून अंतराने फार दूर नव्हते. किंमत, इंग्रजी आणि दुरुस्तीची सोय या दृष्टीने मात्र ते दूरच होते. म्हणूनच ‘त्या पिढीचे बालपण’ असा सरसकट उल्लेख होतो तेव्हा ती पिढी कोणाची, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकास क्रमप्राप्त ठरते. लहान गावांतील अनेकांची संगणकाशी पहिली ओळख 2001 मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने झाली. तो मराठीतूनही उपलब्ध होता. त्या केंद्रांतील यंत्रे एकाच धाटणीची असल्याने तेथे पक्ष घेऊन भांडण्याजोगे दोन संगणक नव्हते. असलाच तर वाद, सरावासाठी यंत्रापुढे कोणी आधी बसावे, एवढाच.