वार, वसतिगृह आणि विद्यार्थी परिषद

'वार लावून जेवणे' म्हणजे काय, हे आता नव्या वाचकाला समजावून सांगावे लागते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरी जेवून शिकलेल्यांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत जागोजाग सापडतात. त्यांत कृतज्ञता असते, आणि पंक्तीच्या टोकाला बसवले गेल्याची सलही असते. वार बहुतांशी ब्राह्मण मुलांनाच मिळत, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे. मला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एकाच घरी वेगवेगळ्या वारी जेवणारी दोन मुले एकमेकांची कोणीच नसत. देणारा वर, घेणारा खाली. आडवे नाते असे त्यात नव्हतेच.

विद्यापीठांच्या परिपत्रकांत आज विद्यार्थी सहभाग, नेतृत्वविकास, समवयस्कांचा आधार हे शब्द वारंवार येतात. त्या सगळ्यांचा रोख या आडव्या नात्याकडेच आहे. मात्र आपल्याकडे ते नाते प्रथम जुळले ते विद्यापीठाच्या कचेरीत नव्हे, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. आणि पुढे कायदे व योजना करताना त्या स्वयंपाकघराचा विसर पडला, असे माझे म्हणणे आहे.

आरंभ कोल्हापूरपासून करावा लागतो. १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर तेव्हाही टीका झाली. पण चूल एक करायची म्हटली असती तर मुले आलीच नसती, हा व्यवहार ते ओळखून होते. शिवाय या वसतिगृहांमुळे वार संपला आणि मुलगा स्वतःसारख्या मुलांच्या पंक्तीत बसला, हेही थोडे नव्हते.

त्यांपैकी जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले, परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच चूल होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या बोर्डिंगची गोष्ट सांगताना आपण लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रापाशी येऊन थांबतो. मुलांच्या पोटासाठी त्यांनी ते मोडले, हे खरे आणि मोठेच आहे. पण आपल्याला त्यात पुन्हा देणारा दिसतो, वाढणारी माउली दिसते. मुले काय करीत होती, हे मात्र मागे पडते. मुले दळत, पाणी भरत, सरपण फोडत, शेतात राबत आणि पाळीपाळीने रांधत. ज्याच्या हातचे आपण जेवतो तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न तिथे भाषणाने सुटला नाही, तर पाळीच्या तक्त्याने सोडवला. आज तू भाकरी भाजलीस, उद्या मी भाजणार. आळशी मुलाला मास्तरांच्या आधी पाळीतला जोडीदार बोलत असणार, हे सांगायला कागदपत्रे धुंडाळण्याची गरज नाही. सामाईक स्वयंपाकघरात राहिलेला कोणीही ते जाणतो. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही रीत पदवीच्या वर्गांपर्यंत गेली. शाहू बोर्डिंगात घडलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नेतृत्वविकासाचे शिबिर त्यांच्यासाठी कोणी भरवले नव्हते.

जवळजवळ त्याच सुमारास, १९४६ मध्ये, मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथला मार्ग वेगळा होता. नोकरी करून शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी सकाळचे वर्ग आणि कॉलेजात विद्यार्थ्यांची 'पार्लमेंट'. १९५० च्या जानेवारीत देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. खऱ्या संसदेत अडलेले विधेयक विद्यार्थ्यांच्या संसदेत समजावून सांगावेसे त्यांना वाटले. सातारा आणि मुंबई यांत निवड करायची नसते. एकीकडे हाताने चालवायची जबाबदारी होती, दुसरीकडे वाणीने. दोन्हीकडे मुले केवळ लाभार्थी नव्हती.

सरकारी पातळीवर हा विचार लष्करी वळणाने आला. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली. नऊ महिने ते वर्षभर सेवा, आणि तीही शिस्तीच्या वातावरणात. खर्च आणि सक्ती दोन्ही झेपणारी नव्हती. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ऐच्छिक स्वरूपाची राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 'एनएसएस'ची चेष्टा करणे सोपे आहे. तेच गाव, तोच शोषखड्डा, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण आणि सवलतीच्या गुणांवर डोळा. पण शहरातल्या कित्येक मुलींना आईवडिलांशिवाय घराबाहेर राहण्याची पहिली परवानगी या शिबिरानेच मिळवून दिली. ही नोंद कुठल्या अहवालात येत नाही.

परिषदेचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत १९८० च्या दशकात पैसा, पक्ष आणि दंडेली शिरली. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधीची निवडणूक काढून टाकली आणि आदल्या परीक्षेत गुणवत्ता दाखवणारा विद्यार्थी तिथे बसवला. पालकांना हायसे वाटले. मलाही तेव्हा ते बरोबर वाटले होते, हे कबूल करतो. वर्गात पहिली येणारी मुलगी उत्तम प्रतिनिधी होऊ शकते, यात शंका नाही. पण ज्याचे मेसचे पैसे थकले आहेत तो मुलगा तिच्याकडे जाईलच असे नाही. तो कोणाकडे जातो, हे वर्गाला ठाऊक असते, गुणपत्रिकेला नसते.

माझ्या वसतिगृहात मेस मुलेच चालवीत. दर महिन्याला नवा सेक्रेटरी निवडला जाई. त्याच्याकडे कोठीची किल्ली आणि लाल बासनाची खातेवही. आमच्यातला एक जण दुष्काळी भागातून आलेला. दोन महिने त्याचे पैसे आले नाहीत. त्या महिन्याचा सेक्रेटरी अभ्यासात यथातथाच होता. त्याने महिनाभर रविवारची मेजवानी बंद केली, कारण विचारणाऱ्यांना तेलाचा भाव सांगितला, आणि वहीत त्या मुलाच्या नावापुढे बाकी दाखवली नाही. आम्ही त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. खरे कारण कळले ते वर्ष संपताना.

पुढची हकीकत थोडक्यात. लिंगडोह समितीने २००६ मध्ये निवडणुकांना वय, हजेरी आणि खर्चाच्या मर्यादा घातल्या. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणूक परत आणली; २०१९ मध्ये ती जाहीर झाली आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलली गेली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'दीक्षारंभ' या मार्गदर्शिकेने नवागतांचे छोटे गट करून त्यांना शिक्षकांबरोबर वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचीही सोबत द्यावी, असे सुचवले. बोर्डिंगातला थोरला मुलगा धाकट्याला जे शिकवी, त्याला आता नाव आणि वेळापत्रक मिळाले.

पुणे विद्यापीठातल्या 'कमवा व शिका' योजनेला आज कर्मवीरांचेच नाव आहे. जे 'विद्यार्थी कल्याण मंडळ' ती चालवी, त्याचे आता 'विद्यार्थी विकास मंडळ' झाले आहे. मुले ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि तासाच्या हिशोबाने मानधन घेतात. त्या पैशावर कित्येकांचा डबा चालतो, म्हणून तिला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. फरक एवढाच, की साताऱ्यात मूल दुसऱ्या मुलासाठी राबत होते. इथे ते कचेरीसाठी राबते. कामाची वाटणी कोण करतो, दर कोण ठरवतो, मानधन उशिरा आले तर विचारायचे कोणाला, यांत मुलांचा हात नाही.

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयात या योजनेच्या खिडकीपाशी मी अर्धा तास उभा होतो. आत कारकून जेवायला गेले होते. बाहेर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून पहिल्या वर्षाच्या तिघींचे अर्ज भरून देत होती. उत्पन्नाचा दाखला कोणत्या तहसीलचा चालतो, बँकेच्या पासबुकाची प्रत कोणत्या पानाची लावायची, हे तिला तोंडपाठ होते. तुमची इथे नेमणूक आहे का, असे मी विचारले. "नाही हो," ती म्हणाली, "मागच्या वर्षी माझा अर्ज तीनदा परत आला होता."