मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी दिवे डोळ्यांवर का येतात? 'ग्लेअर टेस्ट' काय असते?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात तक्ता वाचला, नजर 6/6 आली. पण रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पडला की रस्ताच दिसेनासा होतो. अशी तक्रार असेल तर ती 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नये. ती मोजता येते.

सुरुवातीला उजेड का सहन होत नाही?

वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळसर, धुरकट होतं आणि बराच प्रकाश अडवतं. ते काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की अचानक जास्त उजेड आत जातो. त्यात ऑपरेशननंतरची सूज आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम असतो. हा त्रास सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतो.

तक्ता वाचता येतो, मग अडचण कुठे?

तक्ता वाचताना डोळ्यांवर थेट दिवा नसतो आणि अक्षरं ठळक काळी असतात. रस्त्यावर तसं नसतं. तिथे दिव्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि समोरचं दृश्य फिकं पडतं. यालाच ग्लेअर म्हणतात.

तपासणी कशी होते?

- ब्राइटनेस अ‍ॅक्युइटी टेस्टर: वाटीसारखं, आतून उजळणारं उपकरण डोळ्यासमोर धरतात. त्याच्या मधल्या छिद्रातून तक्ता वाचायचा. प्रकाशाच्या तीन पातळ्या असतात. दिवा लावल्यावर वाचता येणाऱ्या ओळी कमी झाल्या, तर ग्लेअरचा त्रास आहे.
- पेली-रॉबसन तक्ता: यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, पण फिकी होत जाणारी असतात.
- स्ट्रेलाइट मीटर: डोळ्यात प्रकाश किती विखुरतो, हे मोजतो.

या चाचण्यांना काही मिनिटं पुरतात आणि त्या दुखत नाहीत. मात्र प्रत्येक दवाखान्यात ही उपकरणं असतीलच असं नाही.

कारण शोधणं का महत्त्वाचं?

त्रास काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू झाला, तर भिंगामागची पातळ पिशवी धुरकट झालेली असू शकते. त्यावर यॅग लेझरचा उपचार आहे. पण पहिल्या दिवसापासून दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर कारण भिंगच असू शकतं. मल्टिफोकल भिंगात हे जास्त आढळतं. बऱ्याच जणांना त्याची हळूहळू सवय होते. क्वचित भिंग बदलावं लागतं आणि यॅग लेझर आधीच केलेलं असेल, तर ते बदलणं जास्त जोखमीचं ठरतं. म्हणून लेझरची घाई करण्याआधी 'त्रास नेमका कधीपासून आहे?' या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना नीट सांगा. कोरडे डोळे आणि चष्म्याचा चुकीचा नंबर यांमुळेही ग्लेअर वाढतो.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

डोळा दुखणं, लाली वाढणं, नजर कमी होणं किंवा उजेड अजिबात सहन न होणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हा जंतुसंसर्ग असू शकतो आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. आणि ग्लेअरचा त्रास असेपर्यंत रात्री गाडी चालवणं टाळा.